ठिपका लांबून दिसत नाही

पक्षाच्या पहिल्या सभेला अकरा माणसं हजर होती. खुर्च्या सात, चहाचे कप नऊ, पंखा एक आणि झेरॉक्सचं मशीन एक. अकरापैकी चार जण झेरॉक्स काढायला आले होते. मशीन तापायला वेळ लागत होता म्हणून ते थांबले, आणि थांबले म्हणून संस्थापक सदस्य झाले. त्यांतले एक गृहस्थ ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत काढायला आले होते. ते आज विधानसभेचे उपाध्यक्ष आहेत. त्या दिवशी त्यांची प्रत एकाच बाजूची निघाली होती, त्याबद्दल त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

सभा मामाच्या दुकानात होती. मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. आता सगळं राज्य त्याला मामा म्हणतं, त्यामुळे मूळ मालकी कुणाची ते सांगावं लागतं. मामा टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राजधानीवाले आपल्या भागावर कसा अन्याय करतात ते ऐकवायचा. ऐकणाऱ्याची प्रत निघाली की तो निघून जायचा. त्या दिवशी मात्र मामाकडे कागद होता, आणि तो मी दिला होता.

मी तेव्हा नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका खाजगी लॅबमध्ये लागले होते. पाणी, माती, दूध, जे येईल ते आम्ही तपासायचो. हात बसावा म्हणून पहिल्याच महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या हापशाचं पाणी नेलं. एका लिटरमध्ये फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या आत हवं. आमच्याकडे ४.२ निघालं. मला आधी मीटर बिघडलाय असं वाटलं. मीटर ठीक होता.

"म्हणजे काय होतं?" मामाने सभेत मला विचारलं.

"लहान मुलांचे पक्के दात हिरडीत तयार होत असतात, तेव्हा हे पाणी प्यायलं तर दात डागाळलेले येतात. पुढे हाडं आखडतात. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना आपण वय समजतो, ते कदाचित पाणी असेल."

"आणि हे येतं कुठून?"

"खडकातून. पाणी जितकं खोल, तितकं ते खडकाजवळ जास्त काळ बसलेलं."

"म्हणजे राजधानीवाल्यांचा काही संबंध नाही?"

"खडक त्यांच्या आधीचा आहे, मामा."

"पण ते पाणी तपासत नाहीत ना?"

"तपासत नाहीत."

"मग झालं तर," मामा म्हणाला, आणि पक्ष स्थापन झाला. पाण्यावरची चर्चा पाच मिनिटांत आटोपली. पक्षाच्या नावाला पावणेदोन तास लागले, कारण नावात 'स्वाभिमान' आधी यावा की 'भूमी', यावर दोन गट पडले. दोन गट पडले तेव्हाच मला वाटलं, हा पक्ष चालेल.

माझ्या अहवालाच्या पन्नास प्रती मामाने स्वतः काढल्या. घाईत कागद काचेवर तिरका बसला आणि उजवीकडचा वरचा कोपरा, जिथे तारीख होती, तो सगळ्या प्रतींवर कापला गेला. मी दाखवलं तेव्हा मामा म्हणाला, "तारीख कुणी वाचत नाही, बाळे." वीस वर्षं लोकांचे कागद झेरॉक्स करणारा माणूस हे बोलत होता, म्हणून मी ते अनुभवाचं मत समजले.

माझं कारण मात्र लहान होतं. तीन वर्षांचं. माझ्या भावाची मुलगी चिमी त्या हापशाचं पाणी पीत होती. मी लॅबच्या फिल्टरमधून रोज दोन लिटर पाणी बाटलीत भरून तिच्यासाठी आणायचे. ते ती घरी प्यायची. अंगणवाडीत आणि शेजारी जिथे जाईल तिथे ती मुलांबरोबर हापशाचंच प्यायची, वर घटाघटा, मोठ्या आवाजात. मला हापशावर फिल्टरचा प्लांट हवा होता, आणि तो तिचे पक्के दात तयार व्हायच्या आत हवा होता. एवढं एक काम झालं असतं तर 'स्वाभिमान' पुढे आला काय आणि मागे राहिला काय, मला चाललं असतं.

पहिल्या मोर्चाचा कापडी फलक पेंटरकाकांनी रंगवला. ते दुकानांच्या पाट्या करायचे आणि अकरातले एक होते. फलक बारा फुटी होता. त्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं: 'आमच्या पाण्यात विष! ४२!'

मी शिडीखाली उभी राहून म्हटलं, "काका, मध्ये ठिपका होता."

"होता ना ताई. पण ठिपका लांबून दिसत नाही." ते वरूनच बोलत होते. "चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय. लांबून दिसत नाही ते काढायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. काढलाच तर लोकांना वाटतं रंग सांडला."

"पण आकडा दहापट झाला."

"मग बरंच झालं की! रंग तेवढाच लागला."

मी मामाकडे गेले. बेचाळीस असतं तर मोर्चाला कुणी पायी आलं नसतं, हे मी त्याला शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं.

"तू 'चार पूर्णांक दोन दशांश' अशी घोषणा देऊन बघ बरं," मामा म्हणाला. "दे ना. निम्म्यातच धाप लागते. आणि 'बेचाळीस! बेचाळीस!' बघ कसं पायांच्या ठेक्यात बसतं."

बसत होतं, हे मान्य करायला हवं. मी मोर्चात चालत मोजलं. एका मिनिटात एकोणतीस वेळा.

आईला मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. ती म्हणाली, "दादाला गणितात सात मार्क पडले की तो पुढे एक शून्य काढायचा. बाबांनी कधी पकडलं नाही. आमच्या घरात दहापट तेव्हापासून आहे."

"तू का नाही सांगितलंस बाबांना?"

"मला तीन पडायचे," आई म्हणाली.

मीही नाही सांगितलं. वर्तमानपत्राचा एक वार्ताहर लॅबमध्ये आला होता, "बेचाळीसवाल्या तुम्हीच का?" असं विचारत. मी म्हटलं, अहवालावर सही माझी आहे. हे खरं होतं. आकड्याबद्दल त्याने विचारलं नाही आणि मी बोलले नाही. पक्षाच्या जाहीरनाम्यात पहिल्या क्रमांकावर 'प्रत्येक हापशाला फिल्टर' होतं. चूक दहापट असली तरी तिची दिशा बरोबर आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शास्त्राच्या विद्यार्थिनीने इतकी वाईट समजूत आधी कधी घातली नव्हती.

पुढची चार वर्षं पक्ष वाढत गेला आणि मी मोजत गेले. पालिकेत एकतीसपैकी नऊ जागा. पोटनिवडणुकीत एक आमदार. दुसऱ्या वर्षी बेचाळीस आकड्याचे टी-शर्ट आले, तिसऱ्या वर्षी बेचाळीस गाड्यांचा ताफा. गाड्या प्रत्यक्षात अडतीस होत्या, पण आता त्याचं मला काही वाटत नव्हतं. निशाणी बादली होती. विरोधक म्हणायचे, "बादलीला बूड नाही." मामा सभेत म्हणायचा, "बूड नाही ते तुमच्या नळाला पाणी नाही म्हणून!" या वाक्याचा अर्थ मी बराच शोधला. टाळ्या मात्र दर वेळी पडायच्या.

निवडणुकीत एकशे चव्वेचाळीसपैकी एकसष्ट जागा आल्या. बहुमताला बारा कमी. ते बारा जुन्या सत्ताधारी पक्षातून फुटून आले, आणि त्यांच्यात दहा वर्षं पाणी न तपासणारे जुने पाणीमंत्रीही होते. "अनुभवी माणूस हवा," मामा म्हणाला. त्यांना त्याने सिंचन दिलं. पाणीपुरवठा पेंटरकाकांना दिला. मामा मुख्यमंत्री झाला. आमच्या लॅबचे सर टीव्हीवर शपथविधी बघत म्हणाले, "लोकांनी मामा निवडला, की मामाने लोकांना मामा बनवलं, ते आता कळेल." मग त्यांना माझं नातं आठवलं आणि ते म्हणाले, "गमतीने म्हटलं हं."

नव्या सरकारने पहिल्या तीन महिन्यांत आमच्या गल्लीत खरंच काम केलं. उन्हाळ्यात हापसा कोरडा पडायचा, म्हणून बोअर साठ फुटांवरून एकशे ऐंशी फुटांवर नेला. पाणी भरपूर आलं. गल्लीने आनंदाने हंडे भरले. फिल्टरचं काय, असं मी पेंटरकाकांच्या कार्यालयात तीनदा लिहून विचारलं. तिन्ही वेळा 'आपले पत्र मिळाले' असं छापील उत्तर आलं. सहीचं अक्षर सुंदर होतं.

दरम्यान चिमी साडेसात वर्षांची झाली होती. वरचे दोन पक्के दात आले होते. त्यांवर खडूने ओढल्यासारखे आडवे पांढरे पट्टे होते आणि एका दाताच्या कडेला चहासारखा डाग. वहिनीने तिला खिडकीपाशी उभं करून मला दाखवलं.

"घासून जाईल का हो ताई?"

"नाही जाणार."

"मागच्या दाढा?"

"त्या अजून हिरडीत तयार होतायत."

"म्हणजे अजून वेळ आहे," वहिनी म्हणाली. "मग तुमच्या मामांना म्हणावं हात चालवा. एरवी तोंड चालतंच आहे." चिमी मला दात दाखवून बाहेर पळाली. बाहेर हापशावर मुलं होती.

सरकारला शंभर दिवस व्हायला आठवडा होता तेव्हा मामाने मला बोलावलं. मुख्यमंत्र्यांचं दालन मी पहिल्यांदाच बघत होते. खुर्च्या चोवीस, टेलिफोन पाच, खिडक्या सहा, त्यांतली एकही न उघडणारी. झेरॉक्सचं मशीन कोपऱ्यात होतं, रंगीत. आत पेंटरकाका बसले होते. आता त्यांना साहेब म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडून काकाच आलं आणि त्यांना ते आवडलं.

मामाने फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझा अहवाल होता. तारखेचा कोपरा कापलेली ती पन्नासातली एक प्रत.

"वाच. आकडा वाच."

"४.२."

"आधी किती होतं?"

मी कागद उलटून मागची बाजू बघितली.

"बेचाळीस होतं," पेंटरकाकांनी मदत केली. "सगळ्या राज्याला माहीत आहे, ताई. आणि आता चार पॉइंट दोन! नव्वद टक्के घट, शंभर दिवसांत!"

"काका, हा जुनाच कागद आहे. साडेचार वर्षांपूर्वीचा. तुम्ही यातलाच ठिपका सोडला होतात."

"कागदावर कुठे लिहिलंय साडेचार वर्षं?" मामा म्हणाला. त्याने प्रत उचलून मला कोपरा दाखवला. "तारीख नाहीच आहे. तू खाली नवी तारीख टाक, सही कर. सही तुझीच, आकडा तुझाच, तपासणी तुझीच. मी तुला एक तरी शब्द खोटा लिहायला सांगतोय का?"

मी विचार केला. खरंच, एकही शब्द खोटा नव्हता. इतकी स्वच्छ लबाडी मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती.

"आणि फिल्टर?" मी विचारलं.

"नव्वद टक्के घट झाल्यावर फिल्टर कशाला? ती योजना पूर्ण झाली म्हणून बंद करू. पैसा रस्त्यांना वळवता येतो."

"चार पॉइंट दोन पण जास्तच आहे, मामा. दीडच्या आत हवं."

"बेचाळीसच्या मानाने किती कमी आहे!"

मी उठले. मामा माझ्यामागे दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून बोलला. आता तो मुख्यमंत्री नव्हता, दुकानातला होता. "हे बघ बाळे. चिमीचं माझ्या ध्यानात आहे. ती मलाही नात लागते. तू सही कर, मी आपल्या गल्लीला फिल्टर बसवून देतो. महिन्याच्या आत. माझ्या शब्दावर."

"आणि बाकीचे हापसे?"

"किती आहेत?"

"जिल्ह्यात सहाशे तेरा."

"तुला चिमीचे दात हवेत की सहाशे तेरा हापसे?"

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी दाढा दिसल्या. हिरडीतल्या, अजून बाहेर न आलेल्या. महिन्याच्या आत म्हणाला होता. मी परत आत गेले, बसले, टेबलावरचं पेन घेतलं. मामाने कागद सरळ केला. पेंटरकाकांनी कौतुकाने मान हलवली.

"तारीख कोणती टाकू?" मी विचारलं.

"आजची टाक."

"आज नमुना घेतलेला नाही."

"मग कालची टाक."

"काल पण नाही घेतला." मी पेन खाली ठेवलं. यात माझा काही मोठेपणा नव्हता. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की बाटली भरल्याशिवाय तारीख लिहायची नाही, आणि साडेचार वर्षांत हाताला ती सवय लागलेली होती. डोकं सही करायला तयार होतं, हात नव्हता. "तारीख हवी असेल तर मला हापशाचं पाणी घ्यावं लागेल, मामा."

मामा आणि पेंटरकाकांनी एकमेकांकडे बघितलं.

"चार पॉइंट दोनच येईल ना?" मामाने विचारलं.

"मोजल्याशिवाय सांगता येत नाही."

"अगं, पाणी तेच, हापसा तोच," पेंटरकाका म्हणाले. "दुसरं काय येणार? घेऊ द्या हो मामा. उलट ताजा अहवाल म्हणून वर्तमानपत्रांना देऊ. त्यांच्यासमोरच वाचायला सांगू ताईंना."

मामा हसला. "घे. पण बुधवारच्या आत. बुधवारी हापशावरच कार्यक्रम आहे."

लॅबमध्ये सरांना मी सगळं सांगितलं. सरकारचं काम आपल्याला मिळणार, अशी त्यांना दोन महिने आशा होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "दशांश चिन्हापायी कुणाची नोकरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "अजून." मग कपाटातून तीन नव्या प्लास्टिकच्या बाटल्या काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. "काचेच्या नेऊ नकोस. फ्लोराइड काच खातं. मग म्हणतील, तुमच्या बाटलीने आकडा खाल्ला."

मंगळवारी सकाळी सव्वासातला मी हापशावर गेले. शेजारी नवा फलक उभा होता. मंत्री झाले तरी पेंटरकाकांनी तो स्वतः रंगवला होता, असं गल्लीत कौतुकाने सांगत होते. डावीकडे लाल रंगात '४२', मध्ये बाण, उजवीकडे हिरव्या रंगात '४.२'. या वेळी ठिपका त्यांनी बशीएवढा काढला होता. गल्लीच्या पार टोकावरून दिसत होता.

वहिनी हंडा घेऊन रांगेत होती. "ताई, घ्या तुम्ही आधी," ती म्हणाली. "किती लागेल?"

"आधी चाळीस वेळा हापसावा लागेल. नळीतलं शिळं पाणी जाऊ दे."

"मी हापसते!" चिमी म्हणाली. ती दांड्याला लटकली. प्रत्येक खेपेला तिचे पाय जमिनीवरून उचलले जात होते. मी मोजत होते, ती माझ्या पुढे मोजत होती, आणि पंचविसानंतर सत्तावीस म्हणाली.

"सव्वीस राहिला," मी म्हटलं.

"मामा आजोबा म्हणतात, तू सगळ्यात चुका काढतेस."

"सव्वीस," मी म्हटलं.

तिने परत पंचविसापासून मोजलं. चाळीस झाल्यावर मी तीनही बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळल्या, काठोकाठ भरल्या, बुचं लावली, लेबलवर जागा, वेळ आणि तारीख लिहिली. वहिनीने फलकाकडे बघून विचारलं, "यांचं खरं निघालं, तर फिल्टर येणार नाही ना?"

"नाही. मामाच्या शब्दावर आला तर आपल्यापुरता."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर मला उद्या माइकवर वाचावं लागेल."

"मग मोठ्याने वाचा," वहिनी म्हणाली आणि हंडा हापशाखाली लावला. मग तो रिकामाच उचलून पुन्हा काखेत घेतला.

लॅबमध्ये आधी माहीत असलेल्या दोन द्रावणांवर मीटर जुळवला. एकाचं १, दुसऱ्याचं १०. दोन्ही बरोबर आली. मग बाटल्या एकामागून एक घेतल्या. पहिली ५.८. दुसरी ५.९. तिसरी ५.८. मीटर परत जुळवला, तिन्ही परत घेतल्या. तेच आकडे आले. अहवालाच्या कागदावर तारीख लिहिली आणि खाली सही केली. सरांनी शेजारी त्यांची केली. कागद झेरॉक्सच्या काचेवर सरळ आहे, चारही कोपरे आत आहेत, हे दोनदा बघितलं आणि पन्नास प्रती काढल्या.

नमुना: गल्लीतला हापसा, खोली एकशे ऐंशी फूट. फ्लोराइड, तीन नमुन्यांची सरासरी, एका लिटरमध्ये: ५.८ मिलिग्रॅम.